कशाचे पन्नास टक्के?

दोन जावा एका खोलीत शिवायला बसल्या, तेव्हा गल्लीत सगळ्यांची खात्री होती की महिन्याभरात कात्री कापडाऐवजी एकमेकींवर चालेल. तसं काही झालं नाही. थोरली मापं घेई आणि कापी, धाकटी शिवत असे. भांडण झालंच तर पंख्यावरून. थोरलीला पंखा सुरू असताना कापता येत नसे आणि धाकटीला तो बंद असताना जगता येत नसे.

थोरलीची एक सवय धाकटीला आधी विक्षिप्त वाटायची. अधूनमधून ती गळ्यातली टेप काढून लोखंडी पट्टीवर ठेवी आणि जुळते का ते पाही. कापडी टेप वापरून ताणली जाते. "टेपच खोटी असेल तर आपण कितीही जपून मोजलं तरी काय उपयोग?" ती म्हणे. टेप ताणलेली निघाली की तिथल्या तिथे कात्रीने दोन तुकडे करून फेकून देई, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाच्या हाती लागायला नको.

खरेदीच्या बाबतीत मात्र तिला हे शहाणपण ठेच लागून आलं. सत्तर टक्के सवलतीत तिने ऑनलाइन इस्त्री मागवली आणि आठवडाभर मिरवली. मग कोपऱ्यावरच्या दुकानात तीच इस्त्री कुठल्याही सवलतीविना तिने मोजलेल्या पैशांहून स्वस्त दिसली. ती इस्त्री थोरलीने पुढे बरीच वर्षं वापरली, पण धाकटी म्हणते तसं, तिच्याशी कधी गोडीने वागली नाही.

त्यानंतर एका गिऱ्हाईक बाईंनी तिला भाव टिपून ठेवणारं एक अ‍ॅप दाखवलं. वस्तूची लिंक त्यात टाकायची, की गेल्या वर्षभरात तिचा भाव कधी चढला, कधी उतरला, याची रेघ समोर येते. आपल्याला परवडेल तो आकडा भरून ठेवायचा. भाव तिथवर उतरला की फोन वाजतो. थोरलीने चष्मा पुसून ती रेघ बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "ही झाली लोखंडी पट्टी."

मग एक दिवस त्यांचं ओव्हरलॉक मशीन बंद पडलं. कापडाच्या कडा कापत कापत त्यांवर दोरा गुंफणारं हे मशीन नसेल, तर शिवण आतून उसवत जाते. मेकॅनिकने ते उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि डॉक्टरने नातेवाइकांना बाहेर बोलवावं तसा चेहरा केला. सुटे भाग मिळणार नव्हते.

वेळही अशी, की जवळच्या दवाखान्याच्या मेट्रनबाई पेशंटचे गाऊन आणि नर्सचे गणवेश शिवून घ्यायचे म्हणत होत्या. वर्षभराचं काम. महिनाअखेरीला नमुना दाखवायचा होता, आणि बाईंनी बजावलं होतं, "आतून एकही दोरा लोंबलेला मला चालणार नाही." मशीनसाठी आणि कापडासाठी जावांकडे मिळून एकच रक्कम होती. मशीन महाग पडलं तर कापडाला पैसे उरत नव्हते, आणि मशीनच नसेल तर कापड घेऊन करायचं काय.

त्याच आठवड्यात मोठा सेल लागला. धाकटीचा नवरा केबल जोडायचं काम करी. तो दुपारी जेवायला आला तो फोन नाचवतच.

"वहिनी, लॉटरी लागली. टेबल, मोटर, सगळ्यासकट मशीन. छप्पन्नचं अठ्ठावीस हजारांत. पन्नास टक्के."

"कशाचे पन्नास टक्के?" थोरलीने मान वर न करता विचारलं.

"कशाचे म्हणजे? किमतीचे."

"आण इकडे."

तिने लिंक अ‍ॅपमध्ये टाकली. रेघ वर्षभर पंचवीस-सव्वीस हजारांवर निवांत पडून होती. सेलच्या आधी दोन आठवडे ती ताडकन उभी राहिली होती, आणि आता अठ्ठावीसवर उतरून उपकार केल्याचा आव आणत होती. त्या दोन आठवड्यांआधी मशीनचा भाव छप्पन्न हजार कधी नव्हताच.

"म्हणजे आपल्यालाच दोन हजारांचा चुना," तो खाली बसत म्हणाला.

"लावून घेतला तर."

पण नुसतं फसायचं नाही एवढ्याने मशीन घरी येत नाही. थोरलीने पंचवीसचा आकडा भरून ठेवला. सेल संपला, आणि भाव उतरायच्या ऐवजी तीसवर गेला. मेट्रनबाईंचा फोन आला की आणखी एक शिंपी नमुना आणतोय. धाकटीचं हातातल्या कामात लक्ष लागेना. नवरा येता-जाता विचारी, "काय वहिनी, वाजला का फोन?"

"वाजला. तुझ्या केबलची तक्रार होती," थोरली म्हणे. पण तिने दोन दिवसांत तीन पदार्थ खारट केले, तेव्हा धाकटी काय ते समजली.

शेवटी धाकटीच्याच डोक्यात आलं. कोपऱ्यात जुनं मशीन तसंच होतं. तिने टेबल हलवून पाहिलं, पेडल दाबून मोटर ऐकली. ती मजेत घरघरली.

"ताई, गेलंय ते नुसतं वरचं शिवायचं डोकं. मग आपण सगळा संसार का विकत घेतोय?"

थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं, की धाकटीला आधी वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो. मग दोघींनी मिळून नुसतं डोकं शोधलं. ते पुष्कळ स्वस्त होतं. प्रश्न एवढाच, की ते जुन्या टेबलाच्या खाचेत बसेल का? विक्रेत्याने बुडाची मापं दिली होती. धाकटीने खाकी कागद पसरला, ब्लाउजचं कटिंग करावं तसं मशीनच्या बुडाचं कटिंग केलं आणि खाचेवर ठेवलं. कागद चहूबाजूंनी बाहेर आला.

नवऱ्याने हळूच म्हटलं, "तीस तर तीस, पूर्ण मशीन घेऊन टाकू. कापड उधारीवर आणू."

धाकटीनेही मान हलवली. थोरलीने मात्र तो कागद उचलला, टेप लावली, आणि थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. धाकटीला वाटलं, ताई रडतायत. थोरली हसत होती.

"अगं, तू शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडलास. मशीनला कुठे शिवण घालायचीय आपल्याला?"

इतक्या वर्षांचा हात. माप दिसलं की अर्धा इंच जास्त सोडूनच कापणार. जादा पट्टी कापून टाकली आणि कागद खाचेत असा बसला जणू तिथलाच.

डोक्याच्या भावाची रेघ थोरलीने नीट पाहिली. महिन्याचीच पाहिली असती तर आजचा भाव तळाला वाटला असता. वर्षाची पाहिल्यावर कळलं, की मोठ्या सेलनंतर गर्दी ओसरली की तो आणखी खाली जातो. तिने आकडा भरला. नमुन्याला आठवडा उरला होता. धाकटीचा जीव टांगणीला लागला, पण या वेळी ती हातातलं काम नीट करत राहिली.

फोन वाजला तेव्हा थोरली एका बाईंच्या बाहीचं माप घेत होती. "हात असाच वर ठेवा हं," म्हणून ती वळली. विक्रेता तोच आहे ना, मशीन नवंच आहे ना, परत घेतात ना, सगळं वाचलं आणि मगच बटण दाबलं. त्या बाई बिचाऱ्या तोवर हात वर करून उभ्या.

डोकं आलं, खाचेत बसलं, आणि उरलेल्या पैशांत कापड तर आलंच, वर चांगल्या प्रतीचं आलं.

दवाखान्यात मेट्रनबाईंनी गाऊन आधी उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवलं, काखेत ताणून पाहिला, एखादा लोंबता दोरा मिळतो का म्हणून खिडकीशी नेला. मग परिचारिकेला म्हणाल्या, "त्या दुसऱ्या शिंप्याला कळवा, नमुना आणायची गरज नाही." आणि जावांकडे वळून, "मशीन नवं घेतलंत वाटतं. बरंच महाग पडलं असेल."

धाकटीने किंमत सांगितली. बाईंनी ती पुन्हा विचारली. धाकटीने पुन्हा सांगितली, या वेळी जरा मोठ्याने, कारण शेजारच्या टेबलावरचा कारकूनही ऐकत होता.

"इतक्या स्वस्तात? कुठून?"

"ते आमच्या ताईंना विचारा," असं म्हणून धाकटी बाजूला झाली, थोरली सगळ्यांना नीट दिसावी म्हणून.