हौदातली हायड्रिला

बाळांनो, मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे हे तुम्हाला माहीत आहे. शिकवलेलं मी एकदाच कोणाच्या घरी वापरायला गेले आणि ते बिघडलं. ते कसं, हे क्रमाने लिहून ठेवते.

माझ्याकडे मेथी-पालक घेऊन येणारी बाई अकोल्याबाहेर खारपाणपट्ट्यात राहते. तिथलं जमिनीतलं पाणी मचूळ. गावात फक्त तिच्या बोअरचं गोड, आणि त्याचा तिला केवढा तोरा. एका सकाळी जुडी देताना तिचे तळवे दिसले. डाळीच्या दाण्याएवढे कडक खडे आणि काळे ठिपके. पाण्यातल्या विषाने तळवे असे होतात, हे मी वाचलं होतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून मी अमरावतीत तिच्या बोअरचं पाणी तपासून घेतलं. त्यात आर्सेनिक निघालं.

"गावात गोड पानी आमचं, अन् त्यालेच तुमी जहर म्हनता?"

"दुसऱ्या कोणाचं पी."

"कोनाचं? बाकीच्याईचं खारट. सून पोटुशी आहे बाई, तिले मीठ पाजू काय?"

"मग टँकर मागवा."

"टँकरची वाट पाह्यता पाह्यता लेकरू शाळेत जाईन."

मला हायड्रिला ही पाणवनस्पती आठवली. फनेलखाली ठेवून जिचे बुडबुडे आम्ही मुलांना मोजायला लावायचो, तीच. पूर्ण पाण्याखाली राहते, त्यामुळे खोडापानांनीही पाणी शोषते. आर्सेनिकला फॉस्फेट समजून आत घेते. तळ्यातून टोपलीभर आणून मी बोअरचं पाणी साठवायच्या तिच्या हौदात सोडली आणि पाच नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला चिकटवले. दर पंधरवड्याला जुनी काढायची, नवी घालायची. महिन्याभराने पाणी पुन्हा तपासलं. आर्सेनिक उतरलं होतं, पण पिण्याजोगं व्हायला अवकाश होता. तिने मात्र सुनेला तेच पाणी देणं चालू ठेवलं. मी अडवलं नाही. मला माझा प्रयोग आवडला होता.

मग मी चार महिने तुमच्याकडे आले.

परतल्यावर तिच्या घरी गेले. हौदाच्या काठावर गुडघ्याएवढा काळा ढीग होता. त्याचा चिकट रस भिंतीवरून आत, पाण्यात ओघळत होता.

"हे काय?"

"तुमचं शेवाळ. तुमी म्हनलं तसं दर पंधरवड्याले काढलं."

"पण इथे का ठेवलंस?"

"फेकू काहून? हिरवं होतं. कुजलं का खत होते. अर्धं तं वाफ्याईत टाकलंबी."

भाजी पिकवणाऱ्या घरात हिरवं काही फेकत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. हायड्रिला आर्सेनिक नष्ट करत नाही, नुसतं धरून ठेवते. मेली, कुजली की पुन्हा सोडून देते. हेही मला माहीत होतं. माझ्या पाच नियमांत काढलेली वनस्पती कुठे टाकायची, हे नव्हतं. कॉलेजात प्रयोग संपला की बीकर शिपाई धुवायचा.

या वेळी आर्सेनिक पहिल्यापेक्षाही जास्त निघालं. मी तिला स्पष्ट सांगितलं. ती हौदाच्या कडेला टेकली.

"मंग आता काय पाजू तिले?"

सून बाळंत झाली होती. मुलगी आहे, वजनाने फार कमी. कारण पाणीच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. नाही, असंही म्हणत नाहीत. ढीग आम्ही लांब पुरला, पण गोड पाणी म्हणून घर अजून त्याच हौदावर आहे. टँकरसाठी मी इंग्रजीत दोन अर्ज लिहिले, मराठीत एक. पोच मिळाली.

खत गेलं ते वाफे मेथीचे. त्या मेथीत किती उतरलं, कोणी तपासलेलं नाही. काल ती आली. मी एक जुडी घेतली, सवयीने निवडली आणि शिजवली नाही. ती भाजी विकू नकोस, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग तिचे तळवे दिसले, त्या घराचं पोट याच भाजीवर, आणि मी त्यांवर नुसते जुडीचे पैसे ठेवले. उरलेली टोपली उचलून ती पुढच्या दारी गेली.