अक्काची गुडघ्याची गोळी

माझी थोरली बहीण असोद्याला दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणतो. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती जळगावला आमच्याकडे आली, तेव्हा तिचा गोल झालेला चेहरा पाहून शेजारणी म्हणाल्या, "अक्का, तब्येत मस्त सुधरली वं! सून काय खाऊ घालते?"

"बोलणी," अक्का म्हणाली. सगळ्या हसल्या.

मला हसू येईना. गाल भरले होते, पण हाताच्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. दंडावर काळेनिळे डाग होते. वर ती सारखी पाणी पीत होती. मला मधुमेह आहे, त्यामुळे साखर मोजायचं यंत्र घरात असतं. तिच्या बोटाला टोचलं. तीनशे बारा. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझी मोजली. एकशे चाळीस. पुन्हा तिची मोजली. तीनशे नऊ.

"कोणती गोळी घेतेस?"

"गुडघ्याची. आमची बठ्ठी गल्ली घेते."

बठ्ठी म्हणजे सगळी. त्यांच्या गल्लीत जो बाजाराला जाईल तो सगळ्यांसाठी गोळ्या आणतो. कोणाच्या चिठ्ठीवर, कोणाच्या दुखण्यासाठी, हे कोणी विचारत नाही. अक्का दोन वर्षं रोज घेत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी पाहून सांगितलं, हे स्टेरॉइड आहे. गरजेला उपयोगी पडतं, पण इतके दिवस देखरेखीशिवाय घेतलं की साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. मात्र एकदम थांबवायचं नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, म्हणून मात्रा हळूहळू उतरवायची. साखरेसाठी वेगळं औषध दिलं. घरी येऊन मी हे सगळं अक्काला नीट समजावलं. तिने मान डोलावली आणि ती असोद्याला गेली.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लावतोय, उचलत नाही. जेवायला बसलो, उठलो, परत लावला. शेवटी तिच्या सुनेने उचलला.

"मामा, आई उठत नाहीत. उलट्या होताहेत."

"गोळी?"

"तिकडून आल्यापासून बंद केली. विष आहे म्हणून उकिरड्यावर टाकली."

मोटारसायकल काढली. रस्त्यात केळीचा ट्रॅक्टर पुढे चालला होता, बाजूला होईना. मी हॉर्न वाजवत राहिलो, त्याने काय होणार होतं? अक्का खाटेवर घामाने भिजलेली होती. रिक्षात घालून तिला जळगावच्या दवाखान्यात आणलं. रक्तदाब अगदी खाली गेलेला. सलाइन लावलं आणि सुईतून तेच औषध दिलं.

संध्याकाळी तिला जरा बोलता आलं. "सुई कायची दिली?"

"त्याच गोळीतल्या औषधाची."

"पहिले वाईट म्हने, आता तेच टोचते. तुमचा काही ठिकाना हाये का?"

मी पुन्हा समजावलं. या वेळी तिच्याकडून म्हणवूनही घेतलं: रोज घ्यायची, डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायची. तिने बरोबर म्हटलं. कमी करायला कित्येक महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही सांगितलं.

मग ती संडासला जायला उठली. दोन पावलांत गुडघ्यात कळ आली, तशी माझा खांदा धरून थांबली.

"गोळी सुटीन बाप्पा. अन् मी चालू कशी? तुह्या गुडघ्यानं?"

डॉक्टरांना विचारतो, म्हणालो. ते उद्या येणार होते.