साहेबांचा ‘इनकॉम्पिटंट’

वाळूजच्या कंपनीत इतकी वर्षं काढली की किस्से नुसते साठत जातात. चार जणी जमलो की एकीचा संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. पण एका शब्दाचे किस्से सांगताना माझं डोकं आजही फिरतं. शब्द आहे ‘इनकॉम्पिटंट’.

हा शब्द आमचे नवे प्लँट मॅनेजर घेऊन आले. मी क्वालिटीत होते. पहिल्याच मीटिंगला सरळ विचारलं, "सर, म्हणजे काय?"

"ज्याला काम जमत नाही, तो."

अर्थ सोपा होता. वापर समजायला मात्र वेळ लागला.

*

शिफ्टची बस पंक्चर झाली, ड्रायव्हर इनकॉम्पिटंट. चहा गार झाला, कँटीनवाला इनकॉम्पिटंट. चहा गार झाला कारण साहेबांची मीटिंगच संपत नव्हती, पण हे त्यांना सांगणार कोण?

*

एकदा साहेबांनी स्वतः जुनं ड्रॉइंग लाईनवर पाठवलं. अख्खा लॉट भंगारात गेला. आज हा शब्द कुणाला लागतो, याची मी वाटच बघत होते.

साहेब म्हणाले, "कम्युनिकेशन गॅप झाली."

म्हणजे आम्ही चुकलो की इनकॉम्पिटंट, आणि हे चुकले की गॅप. वा रे वा!

*

हा शब्द सगळ्यांत जास्त ऐकून घेतला तो सलीमभाईंनी. उस्मानपुऱ्यातनं यायचे, वेल्डिंगला होते, कंत्राटावर. कंत्राटी माणसाला मधूनमधून घरी बसवायचं आणि पुन्हा नव्यानं घ्यायचं, म्हणजे पर्मनंट करावं लागत नाही. याला इथं ‘ब्रेक’ म्हणतात. जसं काय माणूस थकला म्हणून आराम दिला!

पर्मनंट झाले की बायकोच्या ऑपरेशनला कंपनीचा मेडिक्लेम मिळणार होता. सलीमभाई त्यावर डोळे लावून बसले होते.

असाच एकदा त्यांना ब्रेक दिला आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन, "जरा येऊन जा." सलीमभाई आले, अडलेली लाईन सुरू करून दिली आणि परत घरी निघाले.

मी गेटवर गाठलं. "अहो, आलातच कशाला? ब्रेक दिलाय ना तुम्हाला?"

"जाने दो ताई. या टायमाला नाव पुढं पाठवतो बोलले साहेब."

"लई साधे आहात तुम्ही," मी म्हटलं. जीव जळत होता माझा.

*

शेवटी पर्मनंट कुणाला करायचं हे ठरवायला मालक आले. मीटिंगला मीही होते. साहेब नाव घेईनात, म्हणून सलीमभाईंचं नाव मीच काढलं.

साहेबांनी लगेच मान हलवली. "नाही सर. इनकॉम्पिटंट आहे तो."

"मग ठेवलाय कशाला?" मालक म्हणाले. "आजच काढून टाका."

नाव काढून मीच घात केला की काय, म्हणून मी घाबरले. पण साहेब माझ्याहून जास्त घाबरले.

"नको सर, त्याला नको. मग लाईन कोण चालवणार?"