ग्राफिक्स कार्ड आणि जीपमधली जागा

बीडला इंटिरियर डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला, तेव्हा आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका. घरांचे नकाशे काढायला ते लागत नाही. बेताच्या पैशात कार्ड घ्याल तर बाकी सगळं कमी प्रतीचं पदरात पडेल. त्यापेक्षा रॅम जास्त घ्या, बॅटरी टिकणारी बघा. थ्रीडीचं मोठं काम आलं तर लॅबमध्ये मशीनं आहेत. मी लिंबागणेशला घरी येऊन हे शब्दन् शब्द सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचं घर कधीच कमी पडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणायला जीप निघाली. वडील, भाऊ, तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, आणि तात्यांचे एक स्नेही. या स्नेह्यांकडे कॉम्प्युटर नव्हता, पण कॉम्प्युटरबद्दल मतं भरपूर होती. मी चप्पल घालून तयार.

"तू कावून येतीस?" तात्या म्हणाले. "मागं खताची पोती हायेत. जागा न्हाई."

बैलजोडी आणायला गेल्यासारखे गेले आणि संध्याकाळी तशाच तोऱ्यात परतले. जाडजूड काळा लॅपटॉप, बटणांखाली लाल-निळे दिवे, विटेएवढा चार्जर. "ग्राफिक्स कार्डवाला हाय," तात्यांनी जाहीर केलं. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मी रॅम विचारली. भाऊ म्हणाला, आठ. म्हणजे नको असलेल्या कार्डापायी हवं ते सगळं गेलं होतं. मला रडूच आलं. आईला वाटलं, पोरीला आनंद झाला.

त्या मशीननं माझा जीव खाल्ला. तासाभरात बॅटरी संपायची. वर्गात चालू सॉकेट एकच, तेही मागच्या भिंतीला. त्यामुळे सर पुढे पडद्यावर दाखवायचे आणि मी त्यांच्याकडे पाठ करून काम करायची. पंखा फिरायला लागला, की कुणी मळणीयंत्र सुरू केलंय अशा नजरेनं सगळा वर्ग वळून बघायचा. नकाशा आणि फोटोचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की दोन्ही गोठायची. घरी सांगावं, तर तात्यांचं उत्तर ठरलेलं.

"आगं, ग्राफिक्स कार्ड हाय की त्यात!"

बॅटरी संपते म्हटलं तरी तेच, दप्तर उचलून खांदा दुखतो म्हटलं तरी तेच. निदान रॅम तरी वाढवून घेऊ म्हटलं, तर म्हणे खोलायचं न्हाई, वॉरंटी जाती. त्या कार्डाला घरात कामाला लावलं ते एकट्या माझ्या भावानं, सुट्टीत गाड्यांच्या शर्यती खेळून.

सबमिशनच्या सकाळी घरची लाइट गेली. स्वयंपाकघराचा नकाशा निम्माच झाला होता. आमच्या जुन्या इन्व्हर्टरला चार्जर लावला, तर तोच पी-पी करून बंद पडला. मी घाईनं सेव्ह करायला गेले आणि पडदा काळा झाला. त्या नकाशाचा विषय माझा राहिला. निकालाच्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "एवढं भारी मशीन देऊनबी?" रागावले असते तर मी भांडले असते. ते वाईट वाटून म्हणाले, म्हणून फार लागलं. पुढे तो विषय मी मैत्रिणीच्या साध्या, बिनकार्डाच्या लॅपटॉपवर सोडवला.

गेल्या वर्षी शेजारच्या मुलीला त्याच डिप्लोमाला प्रवेश मिळाला. तिचे वडील तिला घेऊन आमच्याकडे आले. मी समोर बसलेली असताना लॅपटॉप कोणता घ्यायचा हे त्यांनी विचारलं कुणाला, तर तात्यांना.

"ग्राफिक्स कार्ड पायजेच," तात्या म्हणाले. "आमच्या पोरीनं त्याच्यावरच तर डिप्लोमा काढला."

मुलगी दाराशी उभी होती. ती तात्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"तात्या, त्याच्यावर माझा विषय राहिला."

मग तात्या अगदी निरागसपणे म्हणाले, "मग हे आमाला आधी कुणी सांगितलं कसं न्हाई?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचीच जीप निघाली. वडील गाडी चालवणार होते. मी मुलीचा हात धरून तिला नेलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. तिचे वडील आणि मी मागे, आमच्या शेजारी नेहमीची खताची पोती. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, दाराला हात लावून उभे राहिले.

"आन् मी कुठं बसू?"

"जागा न्हाई, तात्या," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.