कात्रीमामांचे दोन हंस

हॉटेलात सगळे आपल्याला वचकून असतात, असं माळीबुवा सांगत. खरं तर तेच सगळ्यांना घाबरायचे: मॅनेजरसाहेबांना, पालींना, आणि तिथेच चादरी धुणाऱ्या बायकोला तर जरा जास्तच. कात्री हातात आली की मात्र गडी वाघ! म्हणून नाव पडलं कात्रीमामा. दारापुढच्या दोन कुंड्यांत त्यांनी अकरा वर्षं झुडपं छाटून दोन हंस उभे केले होते.

लेकीच्या बाळंतपणाला मामा बायकोसह आठ दिवस गेले. परतले तर हंस तांबूस, पान चिमटीत धरताच चुरा.

"पाणी घातलं नाहीस ना?" त्यांनी वॉचमनला धरलं.

"पहिले दोन दिवस विसरलो, खोटं कशाला बोलू? पण मग रोज घातलं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी उतरलं की थांबायचं, तुम्हीच शिकवलंत!"

शिकवलं होतं खरं, तेही मिशीला ताव देत. मामांनी मातीत काडी खुपसली. आत ठणठणीत कोरडं! दोन दिवसांच्या उन्हात मुळांचा गड्डा आक्रसून कुंडीपासून सुटला होता. पाणी फटीतून थेट ताटलीत जायचं. मुळांना थेंब नाही.

"शुक्रवारपर्यंत बघतो," साहेब म्हणाले. "नाहीतर प्लास्टिकचे आणू. त्यांना माळी लागत नाही."

बायकोने धुण्याचे दोन मोठे टब आणून आदळले. "रडणं नंतर. आधी बुडवा."

चौघांनी कुंड्या उचलून पाण्यात ठेवल्या. बुडबुडे थांबेपर्यंत मामा टबाशेजारी उकिडवे बसले होते. मग हंस मागच्या सावलीत गेले.

"अहो, फांदी खरवडून बघा. आतून हिरवी असली तर जिवंत."

"उद्या बघतो."

असे चार उद्या गेले. बायकोने स्वयंपाकघरात जाहीर केलं, "मला बघायला यायचं होतं तेव्हाही हे असेच चार वेळा आजारी पडले होते!"

शुक्रवारी साहेब आले. "हे वाळकं आधी कापून टाका."

"आत्ता कात्री लावली तर झाडांना धक्का बसेल, साहेब." जन्मात पहिल्यांदा मामा साहेबांना नाही म्हणाले.

"मेलेच आहेत की!"

आता खरवडणं आलंच. पहिल्याच्या फांदीला नख लागलं. आत ओली हिरवी रेघ. दुसऱ्याची मान तपकिरी. छाती तपकिरी. पार बुडाशी जरासं हिरवं. साहेबांना झाडातलं ओ की ठो कळत नव्हतं. थाप सहज खपली असती. मामांनी तपकिरी मानेवर बोट ठेवलं.

"हा मातीजवळून फुटेल, पण हंस गेला. पुन्हा घडवायला सात-आठ वर्षं."

"चूक कोणाची?"

वॉचमन स्वतःचे बूट न्याहाळू लागला.

"नियम माझा होता," मामा म्हणाले.

साहेबांनी पहिल्याच्या हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं. "महिना देतो. पहिल्याला पालवी फुटली तर तुम्ही राहा."

एकोणिसाव्या दिवशी सकाळी बायकोची हाक आली, "अहो, फुटलंय! या लवकर!"

मामा दहा पावलांवर डोळे घट्ट मिटून उभे. "आधी साहेबांना दाखव. त्यांनी हो म्हटलं की मी बघतो."