गुरुवारचं फडकं

“आधी काच पुसा, मग बोला.”

आमच्या ऑफिसात काका हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणायचे. समोरच्याला चष्मा असो वा नसो. स्वतः मात्र कोणी काही विचारलं की आधी चष्मा उतरवायचे, खिशातून पिवळं फडकं काढायचे, दोन्ही काचा निगुतीने पुसायचे, चष्मा नाकावर चढवायचे आणि मग म्हणायचे, “हं. आता दिसताय. काय म्हणत होता?” तोवर विचारणारा बहुतेक वेळा प्रश्न विसरलेला असायचा. काकांचा हेतूच तो असावा अशी माझी शंका आहे.

कर्वेनगरात एका बेकरीच्या वर आमची छोटी मीडिया कंपनी आहे. माणसं सात, खुर्च्या पाच. लग्नापासून कॉलेजच्या माहितीपटापर्यंत जे मिळेल ते आम्ही करतो. मी तिथे एडिटर. म्हणजे बाकीचे उन्हातान्हात हिंडून जे चित्रित करून आणतात ते मी पंख्याखाली बसून कापते. काका मला ‘एडिटरबाई’ म्हणायचे आणि त्यातल्या ‘बाई’वर जरा जास्तच जोर द्यायचे.

त्यांचा एक फोटो माझ्याकडे आहे. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे. ती मी सहसा कोणाला दाखवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काकांना ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांना हे सांगणं मला अजून जमलेलं नाही.

काका मूळचे नकाशे काढणारे. सरकारी खात्यात आयुष्यभर रेघा मारून निवृत्त झाले आणि फोटोग्राफीच्या जुन्या नादापायी आमच्याकडे आले. टाइमलॅप्सचं काम त्यांचं. टाइमलॅप्स तुम्ही पाहिलेला असणार. कॅमेरा एका जागी रोवून ठेवायचा, दर दहा मिनिटांनी एक फोटो काढायचा, आणि ते सगळे फोटो भराभर दाखवले की वर्षभराचं काम दोन मिनिटांत उरकतं. मार्केट यार्डातला एक रिकामा गाळा पहाटे कांद्याने भरतो आणि दुपारपर्यंत पुन्हा रिकामा होतो, अशी एक सुरेख फिल्म त्यांनी केली होती. ती पाहून तिथला अडत्या म्हणाला, “माल खरंच एवढ्या झपाट्याने उठला असता तर काय पाहिजे होतं!”

आमचा बॉस वयाने लहान आहे. त्याला प्रत्येक कामात ‘स्टोरीटेलिंग’ हवं असतं. लोणी काळभोरजवळ एका बिल्डरच्या बारा मजली इमारतीचं काम आलं, तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “काका, ही नुसती टाइमलॅप्स नाही करायची. बिल्डिंगची स्टोरी सांगायची.”

काकांनी चष्मा पुसला. “इमारतीची कसली गोष्ट? गोष्ट तिथे राहायला येणाऱ्यांची असते. ते अजून यायचेत.”

बॉसने तो विषय तिथेच सोडला.

साइटच्या समोर आप्पांचं घर होतं. इमारतीची जमीन पूर्वी त्यांच्याच भावकीची. त्यांच्या गच्चीवर लोखंडी खांब उभा करून काकांनी कॅमेरा पेटीत बसवला. पेटीला पुढून काच. कॅमेऱ्यात सिम कार्ड होतं, त्यामुळे फोटो आपोआप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायचे. बिल्डरला पुरावा हवा होता, म्हणून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटायची. सगळं आपोआप होतं, एक सोडून. साइटवरची सिमेंटची धूळ त्या काचेवर बसायची आणि आठ दिवसांत चित्र दुधाळ व्हायचं. ती काच पुसायला कोणीतरी जायलाच लागायचं.

काका दर गुरुवारी जायचे. अडीच वर्षं, स्कूटरवरून, एकही गुरुवार न चुकवता. “गुरुवारी पाणी बंद,” ते सांगायचे. “घरात बसून बायकोची बादल्यांवरची बडबड ऐकण्यापेक्षा लोणी बरं.” अकराच्या सुमाराला ते आप्पांच्या शिडीवर चढायचे. ऑफिसात माझ्यासमोर इमारतीचे फोटो येत असायचे, आणि अकरा दहाला मध्येच सगळा पडदा पिवळा व्हायचा. म्हणजे काका पोचले. फडकं काचेवर.

या पिवळ्या फोटोंना आमच्याकडे ‘कचरा’ म्हणत. कावळा बसला, पतंग अडकला, काकांचा हात आला, सगळा कचरा. महिनाअखेरीला मी तो वेगळा काढून पुसून टाकायची आणि काका माझ्या खुर्चीमागे उभे राहून खात्री करून घ्यायचे. “माणूस आला की कचरा,” हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. कधीकधी काच साफ झाली का ते बघायला ते वाकून थेट कॅमेऱ्यात डोकवायचे, आणि नेमका त्याच क्षणी फोटो निघायचा. एकदा असा एक फार छान आला होता. फडकं नुकतंच खाली घेतलेलं, मागे धुतलेलं आकाश, चष्म्याच्या दोन्ही काचांत ती अर्धवट इमारत, आणि काका स्वतःच्या कामावर खूश होऊन किंचित हसताहेत.

“काका, हा ठेवते हं.”

“कशाला?”

“चांगला आलाय.”

“इमारतीचा सिनेमा आहे एडिटरबाई, माझा नाही. कचरा.”

मी पुसला. माझ्या या बोटांनी पुसला.

पुढच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कसला त्रास नाही, धावपळ नाही. आम्ही सगळे गेलो होतो. नवव्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. ठेंगण्या, ताठ, बोलायला काकांपेक्षा एक अंशाने अधिक कोरड्या. बसल्याही नाहीत.

“तेराव्याला ठेवायला फोटो हवाय त्यांचा,” त्या म्हणाल्या. “घरात एक नाही. चाळीस वर्षं आमचे काढले. अल्बममध्ये ते कुठे आहेत तर जमिनीवर सावली पडलीय तेवढे. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात चोरासारखे दिसतात. म्हटलं, फोटोंचंच ऑफिस आहे, तुमच्याकडे असेल.”

आमच्याकडे काकांच्या कॅमेऱ्याने काढलेले लाखभर फोटो होते. आम्ही दोन दिवस शोधलं. वाढदिवसाच्या केकभोवती सगळे होते आणि फोटो काका काढत होते. पुसलेला कचरा परत मिळवायचा म्हणून एका जाणकाराला बोलावलं. त्याने नकारार्थी मान हलवली. मी काकूंना फोनवर ‘नाही’ म्हणाले, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “असू दे. स्वभावच तसा.” पण फोन ठेवायला त्यांना वेळ लागला. तेराव्याला आधार कार्डावरचे काका हार घालून बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर महिनाभर लोणीला कोणी गेलं नाही. एवढ्या लांब जायचं कोणी, यावर बॉस रोज ‘उद्या बघू’ म्हणत होता. महिनाअखेरीला मी नेहमीसारखे फोटो चाळायला बसले. चित्र दुधाळ झालं असणार हे धरूनच बसले होते. ते स्वच्छ होतं. आठव्या मजल्यावर वाळत घातलेला मजुराचा सदरासुद्धा ओळखू येत होता. मला वाटलं, कोणीतरी जाऊन आलं. पुढे चाळत गेले आणि पिवळा पडदा आला. अकरा दहा. फडक्याची वीण दिसत होती. मग आठवड्याने आणखी एक, मग आणखी एक.

जुने फोटो मिसळले असतील म्हणून मी तारखा पाहिल्या. सगळे गुरुवार. सगळे काका गेल्यानंतरचे.

ऑफिसात प्रत्येकाला विचारलं. कोणीच गेलं नव्हतं. शेवटी आप्पांना फोन लावला.

“आलं व्हतं की काका,” आप्पा म्हणाले. “म्हंजी मी बघितलं न्हाय, गोठ्यात व्हतो. पर शिडी वाजली. आमचं कुत्रं कुणालाबी सोडत न्हाय, ते गप पडून ऱ्हायलं. म्हनलं, वळखीचं मानूस हाय.”

“आप्पा, काका जाऊन महिना होऊन गेला.”

 मग आप्पा हळू आवाजात म्हणाले, “मंडळी दर गुरवारी शिडीपाशी चहा ठिवत्यात त्येंच्यासाठी.”

त्या चहाचं काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, खरं सांगते.

पुढच्या गुरुवारी मी साडेदहालाच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. भर दिवस, खाली बेकरीत गिऱ्हाइकांची हुज्जत, शेजारी बॉस फोनवर कोणाला तरी स्टोरीटेलिंग समजावतोय, आणि माझी नजर पडद्यावरच्या घड्याळावर. अकराला इमारत आली. अकरा दहाला पिवळं. अकरा वीसला काका.

फडकं खाली घेतलेलं, मागे आकाश, चष्म्याच्या काचांत इमारत, आता पूर्ण बारा मजली. वाकून थेट माझ्याकडे बघत होते, काच साफ झाली का ते बघतात तसे. आणि माझा हात, तुम्हाला हसू येईल, सवयीने तो फोटो ‘कचरा’मध्ये ओढून टाकायला निघाला. अर्ध्या वाटेत मी हात उचलला. मग मात्र मी ढसाढसा रडले. भीती होतीच, पण रडू भीतीचं नव्हतं.

फोटो काकूंना द्यायचा की नाही यावर मी दोन दिवस घालवले. त्यांना पाहिजे होता तो हाच. पण ही तारीख घेऊन त्यांच्या दारात कसं उभं राहायचं? शेवटी एडिटरने करायचं तेच मी केलं. खालची पट्टी कापून एक प्रिंट काढली. न कापलेलीही एक काढली आणि पर्समध्ये ठेवली.

शनिवारी सकाळी काकूंकडे गेले. त्यांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा शोधला, पदराने पुसला आणि खूप वेळ बघत राहिल्या. “हसलेत,” त्या म्हणाल्या. मग एकदम कपाळाला आठी. “खालून कापलाय का हो?”

“का? काय झालं?”

“हनुवटीला चिकटलाय. त्यांनी लावलेला कॅमेरा असं कधी दाखवायचा नाही. जन्मभर रेघा मारलेला माणूस. खालचं काय काढलंत?”

या घरात खोटं बोलून चालणार नव्हतं. मी दुसरी प्रिंट काढून दिली. काकूंनी तारीख वाचली. ओठ हलवत दिवस मोजले. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि दोरीवरचं पिवळं फडकं घेऊन आल्या. त्यांच्याच जुन्या साडीचं होतं ते.

“गुरुवारी पाणी नसतं, म्हणून हे मी बुधवारी धुऊन वाळत घालायची. त्यांना नेता यावं म्हणून. अजून घालते. हात ऐकत नाही.” त्यांनी फडकं माझ्या मांडीवर उलगडलं. मधोमध तळव्याएवढा राखाडी डाग होता. “गुरुवारी दुपारी बघते तर हे असं. पहिल्यांदा वाटलं, समोर रिडेव्हलपमेंट चाललंय, त्याची धूळ. पण शेजारीच लावलेला टॉवेल पांढराशुभ्र.”

मी डागावर बोट फिरवलं. सिमेंट होतं. बोटाला कचकच लागली.

“मी कोणाला बोलले नाही,” काकू म्हणाल्या. “मुलगा म्हणेल, आईचं डोकं फिरलं. आता तुम्ही आणलंत तर बरं वाटलं.” त्यांनी कापलेली प्रिंट मला परत दिली. “ही न्या. तारीख असलेली मी ठेवते. तारखेशिवाय नकाशा म्हणजे नुसतं चित्र, असं ते म्हणायचे.”

आधार कार्डावरचे काका त्याच दिवशी भिंतीवरून उतरले. पुढे दोन महिने फोटो येत राहिले. गुरुवारी अकरा दहाला पिवळं, आणि चित्र स्वच्छ. चेहरा मात्र पुन्हा आला नाही. मी आता काही पुसत नव्हते. बिल्डरच्या फिल्ममध्येही एक पिवळी फ्रेम मी तशीच ठेवली. सेकंदाचा पंचविसावा भाग, कोणाच्या नजरेला यायची नाही. माणूस आला की कचरा, हा नियम मी तेवढा एकदा मोडला.

मग बिल्डरचा निरोप आला: इमारत पूर्ण झाली, कॅमेरा काढून घ्या. बॉस म्हणाला, कुठल्याही दिवशी जाऊन या. मी आधी काकूंना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हणजे काम संपलं का त्यांचं?”

“हो काकू. संपलं.”

“मग बुधवारी उतरवा,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी उगाच हेलपाटा नको त्यांना.”