सात पेडलं आणि चार ओळी

"नर्सबाई, आवाज एकवर आहे हो! एकवर! त्याच्या खाली शून्य येतं. शून्यावर काय नुसती बोटं नाचवू?"

गळ्यात गिटार अडकवून वायंडर दारात तणतणत होता. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला वायंडरच म्हणत. सकाळचे आठ वाजलेले, अजून कामावर जायचं होतं. समोर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई. चार महिन्यांपूर्वी नोकरी सुटून घरी बसल्या, तरी वॉर्डातला दरारा काही सुटलेला नव्हता.

"गिटारीचं कोण म्हणतंय? ती ऐकू येतेच कुठे? मला ठकठक ऐकू येते. चार महिने समजत होते, वर सुतार बसवलाय. मेल्या, एवढ्यात अख्खं कपाट झालं असतं!"

आतून बायको फिस्सकन हसली.

ठकठक बुटांची होती. चित्रातले वादक बूट घालून वाजवतात, म्हणून हा पठ्ठ्या कामावरचे लोखंडी नाकाचे बूट घरात चढवायचा. पुढ्यात गिटारीचा आवाज वाढवणारा, बिस्किटाच्या डब्याएवढा ॲम्प आणि फळीवर ओळीनं सात पेडलं, पायानं दाबली की आवाज बदलणारी. एक आवाज फाडणारं, एक त्याला विहिरीत ढकलणारं. बाकीची कशाला, ते त्यालाही धड सांगता येत नसे. दोनदा तार छेडायची, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचं, वाकून बटण पिळायचं, बुटानं ठक्क, की पुन्हा दोनदा छेडायची. अकरा वर्षं हाच उद्योग. का, तर मनासारखा टोन मिळत नाही.

"आला का तुमचा टोन? त्याचंही ताट वाढते," बायको रोज म्हणायची.

घरमालकानं बजावून ठेवलं होतं, आणखी एक तक्रार आली की गिटार घराबाहेर. ते आठवलं आणि वायंडरचा आवाज एकदम खाली आला.

"बाई, आत या, बसा. ऐकून तर बघा. कला आहे ही."

"वाजव. एकच गाणं, पण शेवटपर्यंत. संपलं तर मी मालकाकडे जात नाही."

नर्सबाई खुर्चीत बसल्या, जणू इंजेक्शन द्यायचंय. वायंडरनं सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला बूट पेडलाकडे सरकला.

"अहो, पाय!" बायको ओरडली.

पाय मागे आला. तिसरी ओळ झाली, चौथी झाली, आणि बोटं थबकली. पुढे काय येतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. अकरा वर्षांत तिथवर कधी गेलाच नव्हता.

"इथे जरा घुमारा हवा," तो पुटपुटला, आणि ठक्क!

"चार ओळी," नर्सबाई उठल्या.

"बाई, त्यातली चौथी मीसुद्धा आजच ऐकली," बायको म्हणाली.

"मग मालकाकडे जाणार?" वायंडरनं विचारलं. गिटार त्यानं पोटाशी धरली होती.

"जाऊन सांगू काय? मालक विचारेल, वाजवतो काय? राहू दे गिटार, ती बिचारी गप्पच असते. बूट काढ."

बाईंनी बूट बोटांत लटकवून खाली नेले.

वायंडर चपला घालून कामावर गेला. पंपाची जळालेली मोटार पुढे ओढली आणि तांब्याची तार गुंडाळायला लागला. इथे मधेच थांबायची सोय नसते. वेढ्यांचा आकडा चुकला की सगळं उसवा.

"बूट कुठे गेले रे?" शेजारच्या फिटरनं विचारलं.

"गप! मोजतोय," वायंडर म्हणाला. "एकशे बारा, एकशे तेरा..."